चेहऱ्यागणिक पूड

गौरम्माच्या स्वतःच्या तोंडावर मी कधी पावडर पाहिली नाही. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. त्यांचे व्रण गालभर होते आणि ते झाकावेत असं तिला कधी वाटलं नसावं. कपाळावर विभूती, अंगावर इरकली लुगडं, आणि हात मात्र कायम कुठल्या ना कुठल्या रंगाने माखलेले. भवानी पेठेत तिचं दुकान होतं. कुंकू, बुक्का, अष्टगंध, रांगोळीचे रंग, भिंतीला द्यायचा गेरू, पिवडी. बसायला एक पाट आणि मागे पडद्याआड घर. मी तिथे वर्षानुवर्षं कुंकू घेत होते, पण ही बाई कोण आहे ते मला चौऱ्याहत्तर साली कळलं.

मी तेव्हा कामगार वस्तीतल्या महिला केंद्रात शिवण शिकवायची. दरवर्षी फेब्रुवारीअखेर कामगारांच्या एकांकिकांची स्पर्धा व्हायची आणि आमच्या केंद्राचा बायकांचा संघ त्यात उतरायचा. नाटक लिहायचे आणि बसवायचे धोंडीरामभाऊ. गिरणीत टाइमकीपर होते, पण जीव सगळा नाटकात.

आदल्या वर्षी आम्ही एका रंगभूषावाल्याला बोलावलं होतं. त्याने एकाच डब्यातला गुलाबी रंग आम्हा सगळ्यांच्या तोंडाला फासला. करकंबची बजाबाई, उसाच्या फडात राबून रापलेली, सावळी. ती चुलीतून राख फासून उठल्यासारखी दिसायला लागली. प्रेक्षकांत हशा पिकला, तोही दुःखाच्या प्रसंगाला. त्याहून वाईट झालं नरसम्माचं. ही विणकरांच्या घरातली एकोणीस वर्षांची पोर. दुसऱ्या दिवशी तिचं तोंड असं सुजलं की डोळे दिसेनात. आठ दिवस ती मागाच्या खोलीतून बाहेर आली नाही, आणि तिच्या आईने मला दारातच सांगितलं, की नाटक करा, पण माझ्या पोरीच्या तोंडाला हात लावायचा नाही.

त्यामुळे त्या वर्षी रंगभूषेचा प्रश्न आधी आला. दुकानातल्या चांगल्या पावडरी आम्हाला परवडण्यासारख्या नव्हत्या, आणि त्यातही गोऱ्या कातडीचीच एक छटा मिळायची. मी कुंकू घ्यायला गेले असताना सहज गौरम्माशी बोलले. ती पुडी बांधता बांधता थांबली.

"किती बायका?"

"चौघी. मी धरून."

"तोंडं बघितल्याबिगर मी काय देणार? उद्या दुपारी दोनच्या पुढं या की चौघी. सकाळी एकदा तोंड धुवायचं, मग पाणी नाही, पदर नाही, काही लावायचं नाही."

"तुम्हाला येतं हे, गौरम्मा?"

"आठ वर्षांची असल्यापासून येतं," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

चौथीबद्दल सांगायला हवं. ईरम्मा अक्कलकोटकडची. वीस-बावीस वर्षांची असताना तिच्या हनुवटीवर डाव्या बाजूला पांढरा डाग उठला आणि वाढत ओठाच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत गेला. कोड. सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. आई-वडील नव्हते, भाऊ चन्नप्पा होटगीला रेल्वेत गँगमन. तो चांगला होता, पण घरात तिने आलं-गेलं माणूस असलं की आत बसावं असं त्याला वाटायचं. म्हणून ती सोलापुरात येऊन विड्या वळायची आणि संध्याकाळी माझ्याकडे शिवण शिकायची. मशीनवर बसून ती गुणगुणत असे. तो आवाज ऐकून मीच तिला तालमीला ओढून नेलं.

धोंडीरामभाऊंच्या एकांकिकेत गिरणीच्या फाटकाबाहेर मुलाची वाट बघणारी एक म्हातारी आई होती. आत अपघात झालाय, आणि कोण गेलं ते कुणी सांगत नाही. ईरम्माने पहिल्यांदा तो उतारा वाचला तेव्हा भाऊंच्या हातातली विडी विझून गेली. वाचन संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मथुराबाई, हिच्यासारखं कुणी करणार नाही. पण पहिल्या चार रांगांना तो डाग दिसणार. लोक नाटक बघायचं सोडून तेच बोलणार."

ईरम्माने ते ऐकलं असावं. ती म्हणाली, "मी आतून वाक्यं सांगत जाते की, भाऊ. बजाबाईला उभं करा."

"मला कुटं येतंय रडाया?" बजाबाई म्हणाली. "मी रडले की लोक हसत्यात. गेल्या साली बगितलं न्हाईस?"

तर अशा आम्ही चौघी दुसऱ्या दिवशी गौरम्माच्या दुकानात गेलो. तिने पतंगाच्या कागदाचे चौकोनी तुकडे कापून ठेवले होते. एकेक तुकडा तिने आमच्या कपाळावर, नाकावर, गालावर दाबला आणि उजेडाकडे धरून बघितला. नरसम्माचा कागद तेलाने आरपार झाला. बजाबाईचा होता तसा कोरडा राहिला. माझ्या नाकाकपाळाचा तेलकट, गालाचा कोरडा.

"बघा," ती म्हणाली, "तिघींच्या तोंडाला एकच पूड कशी चालंल? ह्या पोरीला आधी मुलतानी मातीनं तेल उतरवायचं, मग शंखजिरं जास्त. आणि वासाचं काही नको. तिची कातडी रागीट आहे. बजाबाईंना उलटं. आधी शंभर पाण्यांत धुतलेलं तूप बोटभर, ते मुरू द्यायचं, मग पूड अगदी थोडी. कोरड्यावर पूड थापली की भेगा दिसतात." मग माझ्याकडे बघून हसली. "तुमचं अर्धं अर्धं. तुम्हाला दोन पुड्या लागणार."

रंग बघायला तिने आम्हाला बाहेर उन्हात नेलं. गालाचा रंग तिने बघितलाच नाही. जबड्याच्या खाली, मानेजवळ बोटाने ताणून बघितलं. तिथला रंग खरा, म्हणाली, बाकी सगळा उन्हाचा.

ईरम्मा दुकानाच्या पायरीवरच थांबली होती. पदर हनुवटीवर. गौरम्माने तिला हाक मारली, "ये की तंगी." तंगी म्हणजे धाकटी बहीण. ईरम्मा जागची हलली नाही. तेव्हा गौरम्मा स्वतः उठून गेली, पायरीवर तिच्या शेजारी बसली, पदर बाजूला केला आणि तो पांढरा भाग अंगठ्याने हळूच दाबून बघितला. कातडी कोरडी आहे की मऊ, ऊन सोसते का, खाज येते का, असं विचारत गेली. आमच्या वस्तीत ईरम्माच्या हातचं पाणी प्यायलाही लोक कां कू करायचे. चार वर्षांत तिच्या हनुवटीला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता, हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

"होईल," गौरम्मा म्हणाली. "पण एका दिवसात नाही."

पुढचे दहा दिवस मी शिवणवर्ग सुटला की तिच्याकडे जाऊन बसायची. काही काम नसलं तरी जायची. भिंतीला लावायचा तोच गेरू, तीच पिवडी, पण ती जे काही करायची ते बघत राहावंसं वाटे. आधी ती माती पाण्यात कालवायची, जड खडे तळाला बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायची, पुन्हा निवळू द्यायची. असं पाच-सहा वेळा. शेवटी तळाशी जो गाळ उरे तो वाळवून मलमलीतून चाळायचा. बोटांत धरला तर काही धरलंय असं वाटू नये, इतका मऊ. मग पिवडीचा थोडा भाग लोखंडी तव्यावर भाजायची. पिवळी माती तव्यावर हळूहळू नारिंगी, मग विटकरी, मग तपकिरी होत जाई. मधेमधे चिमूट काढून कागदावर ठेवायची, की एका पिवडीतून सात-आठ रंग निघत. पांढऱ्यासाठी औषधाच्या दुकानातली झिंकची पूड. चमक हवी असेल तर कणभर अभ्रक, तेही फक्त बजाबाईसाठी. "सावळ्या कातडीला उजेड लई शोभतो," ती म्हणायची, "तिला पांढरं करायला जायचं नाही. पांढऱ्यानं ती मरते."

तयार झालेली प्रत्येक पूड आधी कानामागे लावायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची, हा तिचा नियम. नरसम्माच्या आईला तिने दुकानात बोलावून घेतलं आणि तिच्या समोर पोरीच्या कानामागे बोट फिरवलं. आई दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. कानामागे काही उठलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती स्वतःसाठी पुडी मागायला लागली.

ईरम्माची पूड मात्र जमेना. तिच्या कातडीचा रंग गव्हाळ, थोडा तांबूस. कागदावर जुळायचा आणि डागावर लावला की वेगळाच दिसायचा, कारण खालून पांढरं वर येई. गौरम्माने मग दोन थर केले: खाली नुसता भाजलेल्या पिवडीचा तपकिरी, वर गव्हाळ. एका दुपारी ते जुळलं. तिने ईरम्माला पडद्याआड नेलं. मागच्या घरात खाटेवर तिचे वडील बसलेले असत. त्यांना सगळे अप्पा म्हणत; नाव मडिवाळप्पा. सत्तरीचे, शांत, दोन्ही हात मांडीवर पालथे. त्यांनी ईरम्माला खिडकीशी उभं केलं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि "छलो" एवढंच म्हणाले. कानडीत छलो म्हणजे चांगलं. गौरम्मा लहान पोरीसारखी लाजली.

रंगीत तालमीच्या दिवशी केंद्राच्या खोलीत तीसेक माणसं जमली होती. बजाबाई पायऱ्यांवरून खाली आली तेव्हा कुणीतरी "कोण गं ही?" म्हणालं. रापलेला चेहरा होता तसाच, पण ओल्या काळ्या मातीसारखा जिवंत दिसत होता. ईरम्माला गौरम्माने साठ वर्षांची केली होती. डोळ्यांखाली गेरूची सावली, कपाळावर भाजक्या पिवडीच्या रेघा, आणि डाग कुठेच नाही. धोंडीरामभाऊ दोन वेळा जवळ जाऊन बघून आले.

मग तो प्रसंग आला. फाटक उघडतं, आतून म्हातारीच्या मुलाची टोपी बाहेर येते. ईरम्मा रडायला लागली. तिला खोटं रडता येत नसे. ती खरीच रडायची. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं आणि त्याने वाटेतली पूड धुऊन नेली. तपकिरी ओघळ हनुवटीवरून गळ्यावर आला आणि त्याच्यामागे पांढरी रेघ उघडी पडली. पुढच्या बाकावरच्या एका पोरीने आईला ती बोट करून दाखवली.

ईरम्माने वाक्य पूर्ण केलं. मग पदर तोंडावर ओढून ती बाहेर निघून गेली.

स्पर्धेला चार दिवस होते. त्यातून चिठ्ठ्या टाकून वेळा ठरल्या तेव्हा आमच्या वाट्याला दुपारचे तीन आले. फेब्रुवारीची अखेर, सोलापूरचं ऊन आणि पत्र्याचं छप्पर. दुसऱ्या दिवशी धोंडीरामभाऊ सायकलवरून दुकानात आले. हातात एक पुडकं. गावोगाव फिरणाऱ्या एका तमाशाच्या फडाकडून त्यांनी ते मिळवलं होतं. आत मुर्दाडशिंग घातलेला रंग होता.

"हे पाण्यानं काय, घामानं पण हलत नाही, गौरम्मा. स्वस्तही आहे. तुमच्या पुडीत एवढं मिसळा म्हणजे झालं."

गौरम्माने पुडकं उघडलंही नाही. "आत या," ती म्हणाली.

भाऊ आणि मी तिच्यामागे पडद्याआड गेलो. "अप्पा, हात वर करा की जरा," ती म्हणाली.

अप्पांनी उजवा हात कोपरापासून उचलला. मनगटापासून पुढचा पंजा तसाच खाली लोंबत राहिला, जसा काही तो त्यांचा नव्हताच. डावाही तसाच.

"कानडी कंपनीत होते अप्पा," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं रंगपट सांभाळला. राजा, राणी, राक्षस, सगळ्यांची तोंडं ह्या हातांनी रंगवली. मी शेजारी बसून रंग खलायची. सगळ्यात ह्येच घालायचे, चिकटतं म्हणून. आधी पोटात दुखायचं. मग हिरड्या काळ्या झाल्या. मग एक दिवस राणीच्या भुवया काढताना हातातली काडी पडली, ती पुन्हा उचलता आली नाही. हितल्या डॉक्टरांनी सांगितलं, हे शिसं आहे, अंगात गेलंय. कंपनी पुढच्या गावाला गेली आणि आम्ही हितं राहिलो."

तिचा आवाज चढला नाही. धोंडीरामभाऊ पुडकं हातात घेऊन उभे होते. अप्पा कानडीत काहीतरी म्हणाले. गौरम्माने ते मराठीत सांगितलं: "अप्पा म्हणतात, पोरीला दोनच तास लावणार, काही होणार नाही, असं मीही म्हणायचो."

भाऊंनी ते पुडकं नेलं आणि कुठेतरी खड्डा खणून पुरलं. पण त्याने आमचा प्रश्न सुटला नाही. गौरम्माने डिंकाचं पाणी करून बघितलं, ते वाळल्यावर कातडी ओढायला लागलं. नुसतं तेल लावून बघितलं, त्यावर पूड गोळा झाली. दोन दिवस गेले. ईरम्मा विडीच्या कारखान्यातून परस्पर घरी जायला लागली.

तिसऱ्या दिवशी बजाबाई दुकानात आली ती घामाने निथळत. डोक्यावर पाटी घेऊन बाजारातून चालत आली होती. पाटी उतरवून तिने पदराने सगळं तोंड खसाखसा पुसलं. गौरम्मा तिच्याकडे बघत होती. बघतच राहिली.

"बजाबाई, कुंकू कधी लावलंत?"

"सकाळी. का वो?"

"पुसलंत की तोंड. मग हे हललं कसं नाही?"

"मेन लावलंय की खाली. हितलंच हाय, तुमच्याच दुकानाचं."

गौरम्मा खो खो हसत सुटली. कुंकवाखाली लावायच्या मेणाची डबी तिच्या गुडघ्याशी ठेवलेली होती. रोज दहा बायकांना ती विकत होती. "सगळं सोलापूर हे कपाळाला लावतंय," ती म्हणत होती, "आणि मी डिंक उकळत बसलीय!"

तिने लगेच शेगडी पेटवली. मधमाशीचं मेण आणि तिळाचं तेल. पहिल्या वेळी तेल जास्त झालं, उन्हात ते पाझरलं. दुसऱ्या वेळी मेण जास्त, हसलं की तडा जाई. हे सगळं ती स्वतःच्या हनुवटीवर लावून, चुलीशी तोंड नेऊन बघत होती. देवीच्या व्रणांवर मेण बसलं तर गुळगुळीत कातडीवर बसेलच, असा तिचा हिशोब. तिसरं मिश्रण टिकलं. त्यात तिने तपकिरी पूड घोटली, बोटाच्या उबेने पातळ थर दिला, वरून गव्हाळ पूड कापसाने दाबून दाबून बसवली आणि उरलेली झटकून टाकली.

मग मला म्हणाली, "जा, तिला घेऊन या. आणि कांदे आणा."

ईरम्मा यायला तयार नव्हती. मी तिला सांगितलं की जमलं नाही तर तू आतून वाक्यं सांग, मी तुला पुन्हा विचारणार नाही. ती आली. गौरम्माने तिला रंग लावला, चुलीपुढे बसवलं आणि समोर विळी ठेवली. ईरम्मा कांदे चिरत गेली. डोळे, नाक, सगळं वाहत होतं. पाणी हनुवटीवरून थेंब थेंब विळीवर पडत होतं. गौरम्मा पुढ्यात उकिडवी बसून बघत होती, नरसम्मा आरसा धरून होती. बराच वेळ गेल्यावर गौरम्मा म्हणाली, "आता बघ."

ईरम्माने आरशात बघितलं. हनुवटी आहे तशी होती. ओघळ नाही, रेघ नाही. कांद्याने रडत होती, आता ती हसायला लागली, आणि हसता हसता पुन्हा रडली. आम्हाला कळेना काय चाललंय. अप्पा आतून विचारत होते, काय झालं, काय झालं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी पत्र्याखाली तापलेल्या तव्यावर बसल्यासारखं होत होतं. आमच्या आधीच्या संघाचा राजा घामाने असा ओघळला की मुकुटाखाली दोन रंगांचं तोंड दिसत होतं. आमच्यातल्या प्रत्येकीला गौरम्माने वेगळ्या पुडीने, वेगळ्या हाताने रंगवलं होतं. नरसम्माची आई विंगेत पंखा घेऊन उभी होती. ईरम्मा रंगमंचावर गेली.

तिने काय केलं ते शब्दांत सांगणं मला जमणार नाही. टोपी हातात आल्यावर ती आधी रडलीच नाही. तिने ती झटकली, जशी रोज मुलाची झटकत असेल. मग रडली. मी शेजारणीच्या भूमिकेत तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्या हनुवटीवरून खाली पडताना मला दिसत होतं, आणि माझं वाक्य मला आठवत नव्हतं. डागाबद्दल कुणी बोललं नाही, कारण तो कुणी पाहिलाच नाही.

पडदा पडल्यावर मी मागे आले तर दाराशी रेल्वेच्या खाकी कपड्यांतला एक माणूस उभा. तोंड उतरलेलं. "बाई, मी होटगीहून आलो," तो म्हणाला. "ईरम्माचा भाऊ. तिला काढून टाकलं काय हो नाटकातनं? ती म्हातारी लई चांगली केली कुणीतरी, पण आमची पोरगी कुठंच दिसली नाही. तिनंच निरोप धाडला होता की, ये म्हणून."

त्याच्या मागून ईरम्मा आली, अजून म्हातारीच्या लुगड्यात. "अण्णा," ती म्हणाली.

चन्नप्पा वळला. आधी आवाज ओळखला, मग डोळे. तिच्या चेहऱ्यावरून त्याची नजर खाली हनुवटीवर गेली आणि तिथेच थांबली. हातातली पिशवी खाली ठेवून त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, इतक्या माणसांत, गमछ्यात तोंड लपवून हुंदके देऊ लागला.

तो गेल्यावर ईरम्मा गौरम्माजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "अक्का, डाग गेला तर सख्ख्या भावानं ओळखलं नाही. म्हणजे मी म्हणजे तो डागच काय?"

गौरम्मा तेलाच्या बोळ्याने तिच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसत होती. "अगं खुळे, सव्वीस वर्षांची तुला मी साठ वर्षांची केली. माझ्या बापानं मला ओळखलं नसतं. त्यानं ओळखलं नाही म्हणजे माझं काम चांगलं झालं, आणि तुझं त्याच्याहून चांगलं. उगी डोकं शिणवू नको."

तेवढ्यात एक परीक्षक विंगेत आले. पुण्याचे होते, पांढरे केस. त्यांना ईरम्माला जवळून बघायचं होतं. हनुवटी अजून पुसायची होती. त्यांनी बॅटरी लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. धोंडीरामभाऊंनी डाग कुठे आहे ते सांगितलं तरी त्यांना कड सापडेना.

"कुठल्या कंपनीचं सामान वापरलंत?" त्यांनी विचारलं.

"कंपनी नाही जी," गौरम्मा म्हणाली, "भवानी पेठ." आणि डबे आवरायला लागली. अप्पांना जेवण भरवायची वेळ झाली होती.

आमचा दुसरा नंबर आला. ईरम्माला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. रंगभूषेचं बक्षीस आम्हाला मिळू शकलं नाही, कारण अर्जात त्या रकान्यात भाऊंनी काहीच लिहिलं नव्हतं. अर्ज भरला तेव्हा कोण रंगवणार ते ठरलं नव्हतं. ते सांगायला ते दुकानात गेले तेव्हा मान वर करत नव्हते. गौरम्माने त्यांना चहा दिला आणि पुढच्या नाटकात राक्षस आहे का ते विचारलं. अप्पांना राक्षस आवडतात म्हणाली.

ईरम्माने रोजच्यासाठी एक डबी मागितली. गौरम्माने दिली, लावायचं आणि उतरवायचं शिकवलं. पहिले दोन महिने ती रोज लावून कारखान्यात जायची. मग मधेच एक-दोन दिवस लावायची नाही. मग सणाला, लग्नाला, चन्नप्पाकडे जाताना लावायची आणि एरवी तशीच फिरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, आज मन नाही. तोवर तिने विड्या वळणं सोडलं होतं आणि ती गौरम्माच्या दुकानात गेरू निथळत बसत होती. पंच्याहत्तरच्या दिवाळीनंतर लग्नाच्या पोरी तिच्याकडे यायला लागल्या: विणकरांच्या, गिरणीवाल्यांच्या, खेड्यांतल्या. ती त्यांना उन्हात नेऊन मानेजवळची कातडी बघायची आणि गोरी करून द्या म्हणणाऱ्या आयांशी न चिडता वाद घालायची.

अठ्ठ्याहत्तर साली बजाबाईच्या पुतणीचं लग्न करकंबला होतं. आम्ही सगळ्या एसटीने गेलो. नवरी काळीसावळी, तोंडावर मुरमं आणि भेदरलेली. तिची आत्या दुकानातली गुलाबी पावडर घेऊन तयार होती. ईरम्माने ती डबी प्रेमाने बाजूला ठेवली, आपली पेटी उघडली आणि नवरीच्या समोर बसली. त्या दिवशी तिच्या स्वतःच्या हनुवटीवर काही लावलेलं नव्हतं. नवरी त्या डागाकडे बघत होती. ईरम्मा बघू देत होती.

"लावल्यावर तोंड माझंच राहील का हो?" पोरीने विचारलं.

"तुझंच राहील की," ईरम्मा म्हणाली. "फक्त घाम कमी दिसंल. मान वर कर."